आधी सुट्टी दाखवा, मग सुरू करा : विकासाचा वेग वेगळा असलेल्या लेकीसोबत इंदूरचा उन्हाळा

एप्रिल संपत आला की ओळखीतल्या, अशा लेकींच्या आया एकमेकींना तेच विचारायला लागतात. कोणता समर कॅम्प हिला घेईल? दुपारी काय शिकवू? अक्षरं पक्की करून घेऊ का? आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच आया रडकुंडीला येतात. पोरगी झोपत नाही, एका जागी जेवत नाही, धाकट्या बहिणीला चावते. मग सगळा राग कॅम्पवर, उन्हावर, नाहीतर सासूबाईंवर निघतो. खरं तर क्रम चुकलेला असतो. शाळा बंद झाली म्हणजे मुलीच्या दिवसाची चौकट मोडली. ती नव्याने उभी करायच्या आधीच आपण त्यात वस्तू भरायला लागतो.

आमच्या घरी दोघी आहेत. थोरली नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे, बौद्धिक वाढही वयाच्या मागे आहे, आणि बोलण्यात वीस-पंचवीस शब्द. धाकटी सहाची, उठल्यापासून झोपेपर्यंत बोलते. खालचा क्रम चार उन्हाळे चुकल्यावर बसला आहे. तुमच्या मुलीचं निदान वेगळं असेल तर तपशील बदला, क्रम शक्यतो बदलू नका.

टप्पा १ : एप्रिलच्या मध्यातच गोळा करून ठेवायचं

शाळा बंद झाल्यावर बाई फोन उचलत नाहीत, थेरपिस्ट गावी जातात आणि डॉक्टरांची वेळ मिळत नाही. म्हणून हे सगळं आधी.

शिक्षिकेला एवढंच विचारा : वर्गात तिला शांत करायला काय चालतं, ती काय न सांगता करते, आणि कोणत्या खुणा किंवा चित्रं वापरता. त्या चित्रांचे फोटो काढून आणा. शाळेत पाण्यासाठी एक चित्र आणि घरी दुसरं असेल तर मुलीसाठी ती दोन वेगळी पाणी आहेत.

थेरपिस्टकडून घरी करायच्या फक्त तीन गोष्टी लिहून घ्या. आम्हाला एका वर्षी दोन पानी यादी मिळाली होती. ती फ्रिजवर लावली आणि जून संपेपर्यंत रोज तिच्याकडे बघून मला अपराधी वाटत राहिलं. पुढच्या वर्षी तीनच मागितल्या : शर्टाची बटणं, 'अजून हवं'ची खूण, आणि पायरीवर एकेक पाय टाकून उतरणं. त्यातल्या दोन झाल्या.

डॉक्टरांना औषधांबद्दल एक प्रश्न नक्की विचारा : यातल्या कशाने उन्हाचा त्रास वाढतो का? आकडीसाठी दिली जाणारी टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही औषधं काही मुलांचा घाम कमी करतात, आणि घाम नाही म्हणजे अंग थंड व्हायचा रस्ता बंद. वागणुकीसाठीच्या काही औषधांनीही शरीराला उष्णता पेलणं अवघड जातं. दीड महिन्याचं औषध आणि चिठ्ठीचा फोटो जवळ ठेवा.

कागद : यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना घेतली असेल तर तिचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, ते झालंय का बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं.

> सावध : औषध आपल्या मनाने थांबवू नका, 'सुट्टी आहे तर जरा कमी करू' असंही नको. आकडीचं औषध अचानक तुटलं की आकडी परत येऊ शकते.

टप्पा २ : शाळा संपल्याचं दाखवा

मध्य प्रदेशात बहुतेक शाळांना मे आणि अर्धा जून सुट्टी असते. हे आपल्याला माहीत असतं. तिला कोण सांगतं?

पहिल्या वर्षी आम्ही कोणीच सांगितलं नाही. १ मेला सकाळी पावणेसातला थोरली युनिफॉर्म घालून, मोजे उलटे, दप्तर पाठीवर, फाटकाशी उभी. रिक्षा येईना. अर्धा तास उभी राहिली, मग रडायला लागली. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा करून युनिफॉर्म ट्रंकेत लपवला. त्या दिवशी तिने कपाट पूर्ण रिकामं केलं आणि स्वतःच्या हाताला चावे घेतले. माझ्या हिशेबी मी आठवण दूर ठेवली होती. तिच्या हिशेबी शाळाच कोणीतरी चोरली होती.

आता असं करतो :

१. शाळेच्या शेवटच्या दहा दिवसांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक फुली. फुली तिनेच मारायची.

२. शेवटच्या दिवशी तिच्यासमोर युनिफॉर्म धुवायचा, वाळवायचा, घडी करायची आणि तिच्याच हाताने ठरलेल्या कप्प्यात ठेवायचा. कप्प्यावर शाळेच्या फाटकाचा फोटो. कप्प्याला कुलूप नाही.

३. शाळा ज्या तारखेला उघडणार त्या चौकोनात तोच फोटो चिकटवायचा. मधल्या सगळ्या चौकोनांत घराचा छोटा शिक्का किंवा पिवळा ठिपका.

४. पहिल्या आठवड्यात ती कप्पा उघडून युनिफॉर्म बघेल, कदाचित अंगातही घालेल. घालू द्या. पंधरा मिनिटं मिरवून परत ठेवला की फुलीकडे बोट दाखवायचं आणि 'शाळा नंतर' एवढंच म्हणायचं. भाषण नको.

> तपासा : सकाळी उठून ती स्वतः कॅलेंडरपाशी जाते का? जात असेल तर पुढच्या टप्प्याला लागा. नसेल तर अजून तीन-चार दिवस इथेच थांबा, कॅम्पचे पैसे भरू नका.

टप्पा ३ : दिवसाला चार खुंट्या

वेळापत्रक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेसारखे रकाने येतात, आठ ते नऊ अमुक, नऊ ते दहा तमुक. घरात ते तीन दिवस टिकतं. त्यापेक्षा रोज हटकून होणाऱ्या चार गोष्टी धरा. बाकीचं सगळं त्यांच्यामध्ये सैल राहू द्या.

आमची पहिली खुंटी म्हणजे कचऱ्याची गाडी. इंदूरमध्ये ती गाणं वाजवत दारात येते, तिच्याइतकं वक्तशीर घरात कोणी नाही. ओला कचरा एका डब्यात, सुका दुसऱ्यात, आणि डबे फाटकापर्यंत न्यायचं काम थोरलीचं. वेगळं करणं तिला मनापासून आवडतं. एकदा मी घाईत कांद्याची सालं सुक्यात टाकली, तर तिने माझा हात धरून ती मला परत काढायला लावली.

दुसरी खुंटी दुपारी कूलर सुरू करण्याची. तिसरी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची. चौथी रात्री दूध, दात, दिवा.

चित्रपट्टी करताना :

- चित्रं नेटवरून उतरवलेली नकोत. स्वतःच्या घरातल्या वस्तूंचे फोटो घ्या. आमच्या कूलरचा फोटो तिला कळतो, पुस्तकातला कूलर कळत नाही.
- वरून खाली चार फोटो, मागे वेल्क्रो. काम झालं की फोटो काढून खालच्या डब्यात टाकायचा. तो डबा म्हणजे 'झालं'.
- पहिल्या आठवड्यात चारच फोटो. मधल्या कामासाठी 'आधी–मग' अशी वेगळी दोन खणांची पाटी : आधी बटणं, मग झोका.
- 'बदल' नावाचं एक कार्ड करा, आमच्याकडे लाल फुलीचं आहे. ते पहिल्यांदा चांगल्या बदलासाठी वापरा. दुधाऐवजी कुल्फी आली, लावा बदल कार्ड. असं चार-पाच वेळा झाल्यावरच नावडता बदल त्या कार्डाने सांगा. बहुतेक घरांत हे कार्ड पहिल्यांदा निघतं तेच 'आज बागेत जायचं नाही' म्हणून. मग मुलगी कार्ड फाडते, त्यात नवल काय?

> नेहमीची चूक : पाहुणे आले म्हणून पट्टी दोन दिवस बंद. पाहुणे असतानाच तिची सगळ्यात जास्त गरज असते.

टप्पा ४ : ऊन, पाणी, कूलर

इंदूरच्या रात्री माळव्याला शोभतील अशा सुखद असतात, दुपारी मात्र पारा चाळिशीपलीकडे जातो. अकरा ते चार घरात. यावर वाद नको.

पाण्याचं नीट समजून घ्या. यातल्या बऱ्याच मुलींना तहान लागल्याचं उमगत नाही किंवा सांगता येत नाही. 'पाणी हवं का?' या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे कायम मान हलवून 'नाही' असंच येतं. म्हणून विचारणं बंद केलं. पारदर्शक बाटलीला तीन रबरबँड लावले : पोह्यांच्या वेळेला पहिल्यापर्यंत, जेवणापर्यंत दुसऱ्यापर्यंत, कूलरच्या झोपेनंतर तिसऱ्यापर्यंत. मग बाटली परत भरायची. पन्हं, ताक, कलिंगड हे वरचं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची पुडी, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. मोठी पुडी १ लिटरची असते. ती पेलाभर पाण्यात अर्धी-पाव टाकून अंदाजाने केलेलं घट्ट ओआरएस अपाय करतं.

कपडे सुती, जुने, मऊ. मानेमागची लेबलं कापून टाका. ती टोचली की घामात दुप्पट टोचतात, आणि आपल्याला वाटतं पोरगी उगाच कपडे काढते.

आता कूलर. आमच्या थोरलीला त्याचा एकसुरी आवाज आवडतो, त्यात ती झोपते. पण सुरू होतानाचा तो 'खडाड्' तिला सहन होत नाही, कानावर हात आणि किंकाळी. दोन उन्हाळे आम्ही ती खोलीत नसताना कूलर लावत होतो. मग ती खोलीतच येईना. तोडगा कूलरच्या रीतीतच निघाला : आधी फक्त पंप. पाच मिनिटं खस भिजते, पाण्याचा बारीक आवाज येतो, वास सुटतो. त्या वासाने तिला कळतं की आता पंखा लागणार. मग ती स्वतः कानावर हात ठेवते, मी 'एक, दोन, तीन' म्हणते, आणि भिंतीवरचं बटण तीच दाबते. आवाज तोच, फक्त आता तो तिच्या हातात आहे. मिक्सर, कुकर, ड्रिल, सगळ्याला हीच युक्ती.

> सावध : लोखंडी कूलरला शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात. बटण भिंतीवरचंच, हात कोरडे, पायात चप्पल. पाणी भरताना प्लग काढलेला, आणि दोघी मुली खोलीबाहेर.

> सावध : अंग तापलेलं, मुलगी सुस्त किंवा भ्रमिष्ट, उलट्या होताहेत : हा उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, पंखा लावा, १०८ ला फोन. बेशुद्धीत तोंडात पाणी घालू नका.

> आकडी आली तर : कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

टप्पा ५ : दोघी बहिणी

धाकटी थोरलीला 'ताई' म्हणते. पण गेल्या दोन वर्षांत ती बोलण्यात, लिहिण्यात, चपळाईत ताईच्या पुढे गेली आणि तिच्याही ते लक्षात आलं. सुट्टीत दोघी दिवसभर समोरासमोर असतात, त्यामुळे ते रोज दिसतं.

तिला सरळ सांगा, सहा वर्षांच्या भाषेत : ताईचा मेंदू वेगळ्या पद्धतीने शिकतो, ती हट्टी नाही, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य वगळू नका. मुली ते विचारत नाहीत, पण मनात ठेवतात.

धाकटीला पहारेकरी करू नका. 'ताईकडे बघ, मी आलेच' हे माझ्या तोंडातून दिवसात किती वेळा निघतं ते मी एकदा मोजलं. अकरा. त्यानंतर नियम केला : धाकटी ताईशी खेळते, ताईला सांभाळत नाही. आणि तिचा स्वतःचा अर्धा तास, रोज, चित्रपट्टीवर तिच्या फोटोसकट. त्या वेळात थोरली बाबांकडे किंवा आजीकडे. ताईने कितीही रडारड केली तरी तो अर्धा तास मोडायचा नाही.

एकत्र करायला खेळापेक्षा काम बरं. खेळाचे नियम बदलत राहतात, कामाला सुरुवात आणि शेवट असतो. आमच्या गच्चीवर मेमध्ये बटाट्याचे वेफर्स वाळत घालतात. आजी किसणीवर काप पाडते, धाकटी ते पाण्यातून काढून देते, थोरली प्लास्टिकवर मांडते. एका कापाला दुसरा चिकटलेला तिला चालत नाही. रांग इतकी सरळ की शेजारच्या काकू वाकून बघतात. "आमच्याकडे पाठव गं उद्या हिला," त्या म्हणाल्या, तेव्हा धाकटीने कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "ताई फक्त आमच्या गच्चीवर मांडते." हे काम सकाळी आठच्या आत संपवा, नंतर गच्ची भाजते.

टप्पा ६ : पाहुणे, लग्नं, मामाचं गाव

येणाऱ्यांना आधी फोनवर चार ओळी पाठवा : तिला काय आवडतं, काय करू नका, ती बोलत नसली तरी समजतं, रडली तर आम्ही बघतो. आमच्या चार ओळींत 'गालगुच्चे नकोत, पाया पडायला लावू नका' हे ठळक लिहिलेलं असतं. 'अगंबाई, हिला असं कशानं झालं?' याचं उत्तरही तयार ठेवा, आणि मुलीसमोर त्यावर चर्चा करू नका. आमचं उत्तर : "मावशी, ती जन्मापासून अशी आहे. तुम्ही चहा घेणार का?"

लग्नात मंगलाष्टकांच्या बरंच आधी जा, हॉल रिकामा असताना तिला फिरवून आणा, बाहेर पडायचं दार दाखवा. आवाज अडवणारे कानटोप घरी आठवडाभर आधीपासून सवयीचे करा. वरातीचा डीजे सुरू व्हायच्या आत निघा. लोक दोन दिवस बोलतात, मग विसरतात.

रेल्वेने जाणार असाल तर बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या व्यक्तीला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत असते, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढून ठेवलं की ऑनलाइन तिकीट काढता येतं. ऐन मेमध्ये खिडकीवर जाऊन हे होत नाही. मुंबईकडे जायला आम्हाला अवंतिकेसारखी रात्रीची गाडी सोयीची पडते : चढलं, जेवलं, दिवा बंद. चौथी खुंटी डब्यात तशीच लागते.

टप्पा ७ : बाहेर जाणं, तीन हप्त्यांत

प्राणिसंग्रहालयाला जायचं म्हणजे सकाळी निघून, सगळे प्राणी बघून, डबा खाऊन दुपारी परत, हा आपला हिशेब. तिच्यासाठी तीन फेऱ्या करा.

पहिली फेरी फक्त फाटकापर्यंत. तिकीटखिडकी दाखवा, पाच मिनिटं थांबा, परत. दुसऱ्या फेरीत आत, एकच पिंजरा, मग घरी. तिसऱ्यात जमेल तेवढं. दर वेळी ती थकायच्या आत निघायचं. रडत निघालेली जागा पुढच्या वेळी रडतच आठवते. कमला नेहरू प्राणिसंग्रहालय असो की मेघदूत उपवन, सकाळी उघडल्या उघडल्या जा, आणि बंदचा वार आधी बघा.

छप्पन दुकान या खाऊगल्लीत सकाळी पोहे-जिलेबीच्या वेळेला जमतं. तिथे गाड्या आत येत नाहीत, हा मोठा आधार. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात मात्र आम्ही तिला नेत नाही. रात्रीची ती गर्दी, कढया, भोंगे, एकमेकांना घासून चालणं हे तिच्यासाठी नाही. धाकटी बाबांबरोबर जाते, ताईसाठी भुट्ट्याचा कीस बांधून आणते.

> निघण्याआधी : त्या दिवशीच्या कपड्यांत तिचा फोटो काढा. कपड्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहा. बाहेरून वाचता येईल असं तिचं नाव नको.

> दिसेनाशी झाली तर : आधी पाण्याकडे धावा. तलाव, विहीर, हौद, टाकी. अशा बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते. दुसऱ्याने त्याच मिनिटाला ११२ लावायचा, 'पाच मिनिटं शोधू मग बघू' नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. घरातली पाण्याची टाकी झाकलेली आणि फाटकाची वरची कडी तिच्या हाताबाहेर आहे का, हे आजच बघा.

बंद गाडीत 'दोन मिनिटं' म्हणून दोघींपैकी कोणालाही ठेवू नका.

टप्पा ८ : शाळेकडे परत

शाळा उघडायच्या दहा दिवस आधी सुरुवात. उठायची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा, त्याचबरोबर झोपायचीही. बूट घालून बघा. दीड महिन्यात पाय वाढतो, आणि बूट चावतात हे तिला सांगता येत नाही, ती फक्त शाळेच्या नावाने रडते. आमचा एक जून याच्यात गेला. शाळेने काहीतरी केलं असेल म्हणून आम्ही चार दिवस चिडचिड केली. शेवटी आजीने मोजे काढले तेव्हा टाचेवरचा फोड दिसला.

वर्ग किंवा बाई बदलल्या असतील तर नव्या दाराचा फोटो आणून कॅलेंडरच्या त्या चौकोनात लावा. दोन वेळा रिकाम्या शाळेपर्यंत चालत जाऊन या. नव्या बाईंना एकच पान द्या : सुट्टीत काय नवं जमलं, कशाने शांत होते, 'बदल' कार्ड कसं दिसतं. कार्डाची एक प्रत दप्तरात.

आदल्या संध्याकाळी युनिफॉर्म कप्प्यातून तिलाच काढू द्या. आणि धाकटीचं दप्तर त्याच वेळी भरू नका, ते तासभर नंतर. तिलाही नव्या वह्यांना कव्हर घालताना आई शेजारी बसलेली हवी असते.